शस्त्रक्रियेनंतरची मूत्राशयाची काळजी

भगिनींनो, खोकला आला, शिंक आली किंवा डोक्यावर हंडा घेतला कीं लघवी सुटते, हें दुखणें कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोसतात. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील भगिनीहि त्याला अपवाद नाहींत. कांहीं जणी धीर करून शस्त्रक्रिया करून घेतात. परंतु घरीं परतल्यावर नवी अडचण उद्भवली, तर ‘आतां पुन्हा काय सांगावयाचें?’ म्हणून गप्प बसतात. त्या अडचणींविषयींच आज बोलावयाचें आहे.

बाळंतपणानें व वयोमानानें मूत्रमार्गाखालील आधार सैल पडतो. तेथें कृत्रिम धाग्याची अरुंद पट्टी झोळीसारखी बसविण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. स्वतःच्या शरीरांतील पडद्याची पट्टीहि वापरतात. झोळी किंचित् घट्ट बसली किंवा सूज आली, तर धार बारीक होते, थांबत थांबत येते व मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं.

यासाठीं नळी काढल्यावर लघवी किती झाली व आंत किती उरली, हें पाहिल्यावांचून रुग्णालय सोडूं नये. बहुतेकींची अडचण कांहीं दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. तोंवर सावकाश बसावें, किंचित् पुढें वांकावें, कुंथूं नये. झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदां प्रयत्न करावा. आंत फार उरत असेल, तर स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामा करण्यास परिचारिका शिकवितात. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पट्टी सैल करावयाची झाल्यास तें पहिल्या थोड्या दिवसांतच सुलभ असतें. म्हणून तक्रार लवकर सांगावी.

कांहीं जणींना उलट वारंवार व घाईची लघवी लागते. प्रथम लघवी तपासून घ्यावी. जंतूंचा दोष नसेल व मूत्राशय नीट रिकामा होत असेल, तर दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवावें, चहा कमी करावा. न भागल्यास औषध मिळतें. लघवीच्या भीतीनें पाणी मात्र तोडूं नये.

सुमारें सहा आठवडे जड उचलूं नये, मलावरोध होऊं देऊं नये. भातलावणी, गवताचा भारा, नारायणगांवच्या बाजारासाठीं भरलेले टोमॅटोचे क्रेट, हीं कामें तोंवर घरांतील इतरांनीं उचलावींत. सुनेची विश्रांति हा आळस नव्हे, हें सासूबाईंनीं जाणावें.

लघवी मुळींच न होतां ओटीपोट ताठलें, थंडी वाजून ताप आला, कुशींत दुखूं लागलें किंवा रक्त जाऊं लागलें, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. मंचरचें उपजिल्हा रुग्णालय किंवा घोडेगांव, जुन्नर येथील ग्रामीण रुग्णालय जवळ करावें. भीमाशंकराकडील वाड्यांतून निघणाऱ्यांनीं तर विलंब करूंच नये. शस्त्रक्रियेचा कागद बरोबर असावा; पट्टीचा त्रास वर्षांनींहि उद्भवूं शकतो.

गळणाऱ्या लघवीची लाज वाटते, तुंबलेली कोणास दिसत नाहीं. पण तुंबलेली अधिक घातक. तेव्हां शस्त्रक्रियेपूर्वीं जें मौन पाळलें, तें निदान शस्त्रक्रियेनंतर तरी पाळूं नये.