चार पायांचा ‘साप’ : सापसुरळीचं लक्षण कसं करायचं?

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस सापसुरळीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ द्या. न्यायदर्शनात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटलं की पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगवाला प्राणी म्हटलं की म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. एकाच खुराचा म्हटलं तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. वर्गात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच गायी वळत आलो. पण हे दोष जिवंत बघायचे असतील, तर आशियातल्या एका सरपटणाऱ्या घराण्याकडे जायला हवं.

1766 साली लिनीयसने जावातल्या एका प्राण्याला नाव दिलं, ‘अँग्विस क्वाड्रुपेस’. अँग्विस म्हणजे साप, क्वाड्रुपेस म्हणजे चार पायांचा. नावातच विरोध! लांब, गुळगुळीत, सळसळतं शरीर पाहून त्याने तो सापांत टाकला, आणि पाय दिसत होते म्हणून तेही नावात नोंदवले. हाच प्राणी आज ‘लायगोसोमा क्वाड्रुपेस’ म्हणून ओळखला जातो. तो साप नाही, आपल्या सापसुरळीच्या कुळातला आहे. पाय इवलेसे, पण प्रत्येकाला पाच बोटं.

आता विचारा, पाय अगदीच नसते तर काय केलं असतं? ‘पाय नाहीत तो साप’ हे लक्षण पुरत नाही. पोट बघा. बहुतेक सापांच्या पोटाखाली आडव्या रुंद खवल्यांची एकच ओळ असते. सापसुरळीचे खवले मात्र पाठीला आणि पोटाला जवळपास सारखेच, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले. शिवाय त्या खवल्यांखाली कातडीतच हाडाच्या बारीक चकत्या असतात. हात लावला तर अंग गुळगुळीत लागतं, पण आत चिलखत आहे. सापाला पापण्या नसतात, कानाचं छिद्र नसतं. लायगोसोमाला दोन्ही असतात. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग समोर सैल असतात, म्हणून तो मोठं भक्ष्य गिळतो. हिचे घट्ट जुळलेले. आणि शेपटी! तिच्या मणक्यांत मुळातच तुटण्याच्या जागा असतात. तुटल्यावर नवी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक सलग कांडी असते.

हे सगळं इतक्या बारकाईने सांगतोय, कारण खेड्यांत आणि शहरांतही ‘सापाची मावशी’ म्हणून हिला ठेचतात. तिला विष नाही. लक्षण चुकलं की जीव जातो, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे.

आता वर्गीकरणाकडे. मराठीत प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी; वर्तमानपत्रं दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, त्याला इलाज नाही. 1887 मध्ये बुलेंजरने ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत ‘लायगोसोमा’ या एकाच नावाखाली ढीगभर जाती कोंबल्या. हळूहळू तो ढीग उपसला गेला. 1977 मध्ये ॲलन ग्रीअर यांनी नाव बरंच आवळलं, पण आफ्रिकेतले, भारतातले आणि आग्नेय आशियातले लांबुळके प्राणी एकत्रच राहिले. लांब अंग आणि आखूड पाय यांवर विसंबलं, की अतिव्याप्ती ठरलेलीच. कारण मातीत, पाचोळ्यात घुसून राहणाऱ्याला हा आकार सोयीचा, आणि तो वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे येतो. शेवटी 2019 मध्ये डीएनएच्या आधारे चार वाटे झाले : लायगोसोमा आणि सबडोल्युसेप्स, दोन्ही मुख्यतः आग्नेय आशियातल्या, आफ्रिकेतली मोक्लस, आणि रिओपा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात सापडणारी गुंथरची सापसुरळी त्यामुळे लायगोसोमातून रिओपात गेली. प्राणी होता तिथेच आहे, पाटी बदलली.

काही जण म्हणतात, मग हे सगळं माणसाच्या सोयीचंच की! मला ते पटत नाही. पाटी आपण लावतो हे खरं, पण कोणाचा पूर्वज कोण, हे आपण ठरवत नाही. आणि दोन वेगळे प्राणी एकाच नावाखाली दडपले, तर त्यातला दुर्मीळ कोण हे कळणारच नाही, मग राखायचं कोणाला?

पूर्वजाची खूण कधी कधी कवटीतही मिळते. सापसुरळ्यांच्या दोन मोठ्या उपकुळांत फरक असा : लायगोसोमाच्या उपकुळात कपाळाचं हाड, म्हणजे ललाटास्थी, एकसंध असतं, दुसऱ्या उपकुळात, ज्याला सिंकिनी म्हणतात, ते जोडीने असतं. बाहेरून कोणाला दिसतं हो कपाळाचं हाड? पण शरीराची लांबी फसवते तिथे हे हाड कामाला येतं.

चिल्का सरोवरात बारकुडा नावाचं बेट आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी 1917 मध्ये तिथल्या एका प्राण्याचं वर्णन केलं, ‘बारकुडिया इन्सुलॅरिस’. त्याला पाय अजिबात नाहीत. तरीही तो साप नाही, आणि सापासारखा लांब असूनही लायगोसोमाच्या उपकुळातला नाही. तो सिंकिनी.