घर भाड्याने देणे आहे

2016 च्या मे महिन्यात आम्ही कोकणातून कोल्हापूरला आलो. नोकरी बदलली होती आणि थोरल्या मुलीला अकरावीत घालायचं होतं. घाट चढून आलेला माणूस काही परदेशात गेलेला नसतो, हे खरं. पण ज्या गावात आपल्या ओळखीचं एकही दार नाही, ते गाव परकंच. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत घर मिळवायचं, एवढंच तेव्हा आमच्या डोक्यात होतं.

शाळा जवळ पडावी म्हणून आम्ही राजारामपुरी धरली. राजाराम महाराजांच्या नावाची ही आखीव वसाहत. इथे गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे नवखा माणूसही सहसा चुकत नाही. पहिल्या गल्लीपासून सुरुवात करायची, फाटकावरच्या पाट्या वाचायच्या, किराणा दुकानदाराला आणि मेडिकलवाल्याला विचारायचं, असा आमचा क्रम ठरला. एक एजंटही गाठला. त्याने आमचं नाव ऐकून घेतलं आणि आपुलकीनेच सल्ला दिला, ‘‘फोनवर नुसतं आडनाव सांगा. बाकीचं नंतर बघू.’’

आमचं आडनाव कोकणातलं, हिंदूंत आहे तसंच मुसलमानांतही आहे. आम्ही तो सल्ला मानला. चार दिवसांत दोन खोल्यांचं चांगलं घर ठरलं, पाच हजार रुपये विसारही दिला. करारासाठी आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या, त्या दुपारी नेऊन दिल्या. संध्याकाळी विसार परत आला. ‘‘घरच्यांचा विचार बदलला,’’ एवढंच मालक म्हणाले. आवाज चढला नाही, अपशब्द निघाला नाही.

परत येताना मुलीने विचारलं, ‘‘आपण आपलं नाव लपवलं होतं का?’’ वर्गात रोज मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या आम्हा दोघांनाही त्या रस्त्यावर उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगू लागलो.

त्यानंतर आमचे फोन फार लवकर संपू लागले. अकरा ठिकाणी विचारलं, सात ठिकाणी ‘‘नंतर कळवतो’’ असं उत्तर मिळालं. दोघांनी मांसाहाराचं कारण दिलं. ज्या कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, तिथे हे कारण ऐकून हसूही आलं. मात्र एक गोष्ट लक्षात आली. नाव ऐकूनही ज्यांनी ‘‘या, घर बघून जा’’ म्हटलं, त्यांच्याकडे पुन्हा नावाचा विषय निघाला नाही. खरं आधी सांगितलं की नकारही आधी मिळतो, आणि असा नकार पचवायला सोपा जातो.

ही अडचण आमच्या एकट्याची नव्हे. मुसलमान असल्यामुळे भाड्याने किंवा विकत घर मिळण्यात अडथळा येतो, ही तक्रार 2006 मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदली आहे. हितचिंतक म्हणाले, ‘‘कशाला त्रास? आपल्या मोहल्ल्यात बघा.’’ आपल्या माणसांत राहण्यात वाईट काहीच नाही. पण दुसरी वाटच उरली नाही म्हणून राहणं वेगळं आणि मनापासून राहणं वेगळं.

एका रविवारी दमून दसरा चौकात आलो आणि मुस्लिम बोर्डिंगची इमारत पाहून थांबलो. खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना शहरात राहायला जागा नसते आणि तेवढ्यासाठी शिक्षण थांबतं, हे राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. म्हणून एकेका समाजाची वसतिगृहं याच शहरात उभी राहिली. मुसलमान मुलांसाठी 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. जिथे राजाने परक्या मुलांच्या छपराची काळजी वाहिली, त्या गावात आपल्यालाही छप्पर मिळेल, असं मुलीला सांगितलं. खरं तर आम्ही स्वतःलाच सांगत होतो.

आजींचा प्रश्न

राजारामपुरीतच एका गल्लीत आजींचं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. पूर्ण नाव ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘बरं. पाणी पहाटे येतं. टाकी भरायला उठाल का?’’ आम्ही म्हटलं, फज्रच्या नमाजला उठतोच. ‘‘मग झालं की!’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण करार नोंदवायचा. तो झाल्याशिवाय किल्ली मिळायची नाही.’’

आधीच्या भाडेकरूने त्यांना दीड वर्ष झुलवलं होतं. भाडं नाही आणि घरही सोडेना. तेव्हा उमगलं की दाराच्या आतल्या माणसालाही भीती असते. आपलं घर परत मिळेल ना, ही भीती. आपल्याला नाकारणारा प्रत्येक जण धर्म पाहूनच नाकारतो असं नाही, आणि कोण कशासाठी नाकारतो हे दारात उभं राहून कळतही नाही. दोन्हीकडच्या भीतीवर एक उपाय मात्र आहे, तो म्हणजे कागद.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ असं अनेक जण सांगतात. महाराष्ट्रात ते पुरत नाही, अकरा महिन्यांचाही नोंदवावा लागतो. मालकालाही संरक्षण आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून घर सोडलं नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

करारात भाडं, डिपॉझिट आणि ते परत देण्याची मुदत, वीजबिल, पाणीपट्टी, रंगकाम, घर सोडण्याची पूर्वसूचना या गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. डिपॉझिट बँकेतून द्यावं. राहायला जाण्याआधी मीटरचं रीडिंग आणि भिंतींची ओल यांचे फोटो काढून ठेवावेत. कोल्हापुरात आणखी एक चौकशी हवी, पुराचं पाणी कुठवर येतं याची. आपल्याकडे तोंडी विश्वासाचं मोठं कौतुक असतं. पण कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करायला सांगते. डिपॉझिट म्हणजे मुदतीने परत मिळायची रक्कमच. लिहून घेणं हा अविश्वास नव्हे.

करारात नसलेलं

आमच्या करारात एक कलम होतं. पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नयेत. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला. सखल भागात राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या घरात पाणी शिरलं आणि त्यांचं पाच जणांचं कुटुंब आमच्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी आम्ही भीतभीतच आजींकडे खाली गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘ते कलम पुराला लागू नाही,’’ आणि आपली पुढची खोलीही उघडून दिली.

हिजरतनंतर प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले, तेव्हा हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले होते. हा प्रसंग आपण मुलांना आवडीने सांगतो आणि मनातल्या मनात स्वतःला मुहाजिर समजतो. पण ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांनी अन्सारांची बाजूही आठवावी. आपल्यातले घरमालक काय करतात? एकट्या नोकरदार मुलीला ‘फॅमिलीलाच देतो’ म्हणणारे, दलित कुटुंबाला ‘नंतर कळवतो’ म्हणणारे, मसलक विचारून मग किल्ली देणारे आपल्यातही आहेत. जे वाक्य ऐकून आपल्याला लागलं, ते आपल्या तोंडून निघू नये.

गेल्या वर्षी आम्ही कर्ज काढून लहानसा फ्लॅट घेतला. गावाकडचं वडिलोपार्जित घर रिकामं होतं, ते तिथल्या शाळेत बदलून आलेल्या एका तरुण शिक्षिकेला भाड्याने दिलं. ती विदर्भातली आहे, एकटीच राहते. फोनवर तिने घाईघाईने आडनाव सांगितलं, जात सांगितली आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं आम्हाला ओळखीचं होतं.

आम्ही विचारलं, ‘‘विहिरीचं पाणी शेंदायची सवय आहे का?’’

करार मात्र नोंदवून घेतला.