पाटण शिलालेखातील विरळ मराठी शब्द : अर्थनिश्चितीचा प्रश्न

प्राचीन ग्रंथात क्वचित आलेल्या शब्दाचा अर्थ कशावरून ठरवावयाचा, हा भाषाभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांचे प्राचीन ग्रीक भाषांतर ‘सेप्टुअजिंट’ या नावाने ओळखले जाते. त्यातील अनेक विरळ शब्द दीर्घकाळ केवळ धार्मिक परिभाषेतील मानले जात. जर्मन अभ्यासक अडोल्फ डाइसमान यांनी १८९५ मध्ये इजिप्तमधील पपायरसांवरील व्यावहारिक लिखाणाच्या आधारे त्यांपैकी अनेक शब्द रोजच्या वापरातील असल्याचे दाखविले. खानदेशात हाच प्रश्न चाळीसगावजवळील (जि. जळगाव) पाटणच्या शिलालेखासंदर्भात उद्भवतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ (इ.स. १२०७) मध्ये दिलेले दान या लेखात नोंदले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. वंशवर्णन संस्कृतात असून बाजारातील करांचा तपशील मात्र मराठीत आहे.

त्यातील ‘केणें’ या शब्दाचे नाते ‘क्री’ (विकत घेणे) या धातूशी जोडता येते. परंतु व्युत्पत्ती केवळ दिशा दाखविते. पाटणच्या पेठेत आलेल्या ‘केण्या’वरील, ग्राहकाकडून राजास मिळणारे उत्पन्न मठास दिले, या वाक्यार्थावरूनच ‘विक्रीचा माल’ हा अर्थ निश्चित होतो. ‘विसोवा’ शब्द आजच्या ‘विसावा’सारखा भासतो; तथापि ‘दामाचा’ हे पद आधी आल्याने येथे विश्रांती नव्हे, तर दाम या नाण्याचा विसावा हिस्सा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट होते. तेलाच्या घाण्यामागे द्यावयाची ‘पळी’ आज स्वयंपाकघरातील वस्तू आहे. लेखात ती तेल मोजण्याचे माप म्हणून येते. म्हणजेच अपरिचित शब्दाइतकाच परिचित शब्दही अभ्यासकाची दिशाभूल करू शकतो.

सेप्टुअजिंटच्या अभ्यासकास बहुतेक ठिकाणी मूळ हिब्रू पाठ ताडून पाहता येतो. पाटणच्या मराठी ओळींना असा आधार नाही. त्यामुळे वाक्यसंदर्भ, समकालीन शिलालेख व बोलीतील व्यवसायशब्द यांवरच अर्थनिश्चिती अवलंबून राहते. लाकडी घाणे मागे पडले, रोजकीर्द व खतावणीच्या जुन्या वह्या रद्दीत चालल्या. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी तेली, अडते व जुने व्यापारी यांच्याकडील शब्दसंग्रह वेळीच नोंदविला नाही, तर शिला टिकेल. परंतु तिचा अर्थ उलगडणारी साक्ष मात्र उरणार नाही.