वैद्याचें चिलखत

२०१७ सालच्या मार्च महिन्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील तरुण डॉक्टरांनीं एक चमत्कारिक वेष धारण केला. मोटारसायकलवर बसतांना घालावयाचें शिरस्त्राण डोक्यावर चढवूनच ते रुग्ण तपासूं लागले. त्याच महिन्यांत धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत एका निवासी डॉक्टरास रुग्णाच्या नातलगांनीं इतकी मारहाण केली होती कीं, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. आणि महाराष्ट्रांतील निवासी डॉक्टर काम सोडून बसले होते. दिल्लीकरांचें तें शिरस्त्राण म्हणजे आपल्या या व्यवसायबंधूंस दिलेलें पाठबळ होतें. छायाचित्र पाहून पुष्कळांस हसूं आलें असेल; आम्हांस मात्र त्यांत हसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. ज्याच्या हातीं आपण आपली नाडी देतों, त्यासच आपली भीति वाटावी, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. संकटसमयीं धांवून येणाऱ्या वैद्यकसेवकांस चिलखत द्यावें काय?

चिलखत म्हटलें कीं लोखंडी कड्यांचा अंगरखा डोळ्यांसमोर येतो. आजचें चिलखत कापडाचें असतें. १९६५ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनींत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनांतून जो धागा निघाला, त्यास पुढें केव्लार हें नांव मिळालें. वजनास वजन धरलें तर हा धागा पोलादाहून कितीतरी चिवट. त्याच्या विणीचे अनेक थर एकावर एक ठेविले म्हणजे पिस्तुलाची गोळी त्यांत गुरफटते आणि तिचा जोर साऱ्या थरांत वांटला जातो. चाकूची गोष्ट निराळी. त्याचें टोंक धागे बाजूस सारून आंत शिरूं शकतें. म्हणून सुऱ्यापासून बचाव करणारें जाकीट वेगळ्या, अधिक दाट विणीचें करावें लागतें. रायफलीच्या गोळीस तर दोन्ही पुरीं पडत नाहींत. तेथें सिरॅमिकसारख्या कठीण पदार्थाची पाटी छातीवर घ्यावी लागते व ओझें कित्येक किलोंनीं वाढतें. इस्रायलांत धोक्याच्या भागांत जाणारे रुग्णवाहिकेवरील सेवक अशीं कवचें घालतात. लंडनमध्येंहि सुऱ्यापासून रक्षण करणारीं जाकिटें सेवकांस दिलेलीं आहेत.

आतां हें चिलखत परभणी जिल्ह्यांत आणून पाहूं. २०१४ च्या जानेवारींत महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. ९३७ वाहनांची ती योजना होती आणि वाहनाबरोबर डॉक्टर असावा, हा तिचा विशेष. जिंतूरच्या डोंगराळ भागांतील वाडी असो कीं गोदाकांठचें गंगाखेडाकडील एखादें खेडें असो, हांक आली कीं हा डॉक्टर निघतो. एप्रिल-मेमध्यें येथें पारा ४४ अंशांच्या पुढें जातो. हृदय बंद पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून त्यास मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें ५ सेंटिमीटर खोल, छाती दाबावयाची असते. हें काम साध्या सदऱ्यानेंहि दोन मिनिटांत दमविणारें आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथींत प्लॅस्टिकचा बंद वेष घालून आपल्या डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं काय सोसलें, तें ज्यांच्या घरचीं मुलेंमुली त्या सेवेंत होतीं त्यांस सांगावयास नको. रक्षणासाठीं घातलेलें ओझें सेवेच्याच आड येऊं नये, हा पहिला विचार.

दुसरा विचार असा. आपल्याकडे सेवकावर बहुधा गोळी येत नाहीं. येते ती मूठ, खुर्ची, काठी किंवा दगड. धड झांकणाऱ्या जाकिटानें धुळ्याच्या त्या डॉक्टराचा डोळा वांचला नसता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत हेमंत करकरे यांनीं कवच व शिरस्त्राण चढविलेलें साऱ्या देशानें दूरदर्शनवर पाहिलें. तरी कामा रुग्णालयालगतच्या गल्लींत त्यांस, अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासह, वीरमरण आलें. त्याच रात्रीं त्या रुग्णालयांत अंजली कुलथे या परिचारिकेनें दारें लावून वीस गर्भवती स्त्रियांस सुरक्षित जागीं नेलें. त्यांच्या अंगावर कवच नव्हतें. होता तो परिचारिकेचा गणवेष.

गणवेष हेंहि एक चिलखतच आहे. पण तें समोरच्यानें मानलें तरच टिकतें. भारतीय युद्धापूर्वीं ठरलेल्या नियमांत सारथि, भारवाहक, शंख-भेरी वाजविणारे यांवर प्रहार करूं नये असा करार होता. १८६४ च्या जिनीव्हा करारानें जखमींच्या सेवकांस तेंच अभय दिलें. लंकेच्या सुषेण वैद्यानें लक्ष्मणावर उपचार केल्याची लोककथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

कायदाहि आहे. महाराष्ट्रांत २०१० च्या कायद्यान्वयें वैद्यकसेवकावर हात टाकणें हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मोडतोडीची भरपाई दुप्पट द्यावी लागते. परंतु कायदा येतो तो तडाखा बसल्यानंतर.

म्हणून आमचें मत असें कीं, दंगल व दगडफेकीच्या प्रसंगासाठीं प्रत्येक रुग्णवाहिकेंत हलकें जाकीट व शिरस्त्राण अवश्य असावें, आणि पोलिसांची सोबत मिळेपर्यंत सेवकानें दूर थांबण्यास कोणी भ्याडपणा म्हणूं नये. पण रोजच्या प्रसंगीं त्याची गरज पडूं न देणें हें आपल्या हातीं आहे. एकत्र कुटुंबांत कोणी कोसळलें म्हणजे वीस माणसें खाटेभोंवतीं जमतात, प्रत्येकजण वेगळें विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास दुःखाचा राग होतो. तेव्हां आधींच ठरवावें कीं डॉक्टरांशीं एकानेंच बोलावें, एकानें वाट दाखविण्यास रस्त्यावर जावें, एकानें जुने कागद व चालूं औषधें हातीं ठेवावीं, बाकीच्यांनीं बाहेर थांबावें. डॉक्टरांनींहि दर थोड्या वेळानें बाहेर येऊन, समजेल अशा मराठींत, खरें तें सांगावें. मौनासारखें संशयाचें खत दुसरें नाहीं.

आपल्या घरांतून रोज सायंकाळीं रामरक्षा म्हटली जाते. मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवासाठीं आपण रक्षण मागतों. आपल्या दारीं मध्यरात्रीं धांवून येणाऱ्या परक्याच्या मुलाचेंहि मस्तक त्यांत आहे, एवढें ज्या घरास उमजलें, त्या घरीं येतांना त्यास चिलखत घालावें लागणार नाहीं.