काट्यावरचा आकडा

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या पेठेत तूर नि सोयाबीन काट्यावर तोलतात. तेथे आकडा म्हणजेच किंमत! पण जाड होण्याच्या धास्तीने अन्न तोडण्याच्या आजारातून उठलेल्या मुलीला हाच न्याय कसा लावावा?

ती पुन्हा जेवू लागली की वजन बहुधा आधी पोटावर दिसते. ती धास्तावते, आणि नेमकी तेव्हाच मावशी म्हणते, “अगं, केवढी सुटलीस!” झाले! ताट पुन्हा दूर सरते.

वास्तविक हा शरीराचाच क्रम आहे. सन १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. पुढे पोटभर मिळताच त्यांच्या अंगी पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. कालांतराने ती पुष्कळशी ओसरली.

मग योग्य वजन कोणते? भारतीय प्रौढांसाठी उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक १८.५ ते २२.९ असावा म्हणतात. पण तो निव्वळ अंदाज. नियमित पाळी, अंगातली उमेद, निर्भयपणे घेतलेला घास या खुणा अधिक बोलक्या.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळ पुढे करताना मुलींच्या अंगलटीवर शेरे नकोत. वजनाचे डॉक्टर पाहतील. आपण “ये, बस, खा” म्हणावे, तेवढे पुरे!