विश्लेषण : चौकात धर्मोपदेश करणे गुन्हा आहे का? नगर जिल्ह्याचा इतिहास आणि कायदा काय सांगतो?

आठवडे बाजारात पत्रके वाटणारे किंवा चौकात उभे राहून येशूची शिकवण सांगणारे उपदेशक अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला नवे नाहीत. मात्र देशाच्या अनेक भागांत अशा उपदेशकांना ‘धर्मांतर घडवतो’ या संशयावरून जमावाने घेरल्याचे आणि पुढे पोलिसांनी उपदेशकालाच ताब्यात घेतल्याचे प्रकार घडले आहेत. त्यामुळे धर्मप्रचाराचा हक्क नेमका कुठपर्यंत आहे, याची चर्चा होते.

नगरमध्ये सुरुवात कधी झाली?

मुंबईत १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. शहरात रस्त्यांवर आणि बाजारात, तर हिवाळ्यात गावोगावी तंबू टाकून चावडीसमोर किंवा महारवाड्यात उपदेश केला जाई. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही नगरमध्येच सुरू झाले. परदेशी पाद्र्याच्या भाषणाला लोक फार वेळ थांबत नाहीत, हे लक्षात आल्यावर १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या स्थानिक ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा मार्ग धरला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही तोच मार्ग चोखाळला.

तेव्हा विरोध कसा होत असे?

उपदेशकाच्या वाट्याला टिंगल, आरडाओरडा आणि प्रसंगी धूळफेक येई. पण खरी किंमत मोजावी लागे ती बाप्तिस्मा घेणाऱ्याला. १८३९ मध्ये नगरच्या हरिपंत आणि नारायण या खिस्ती बंधूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ब्राह्मण कुटुंबातील अशा व्यक्तीसाठी धर्मांतर म्हणजे जात, घर आणि वारसाहक्क या सर्वांवर पाणी सोडणे होते. यातील वारसाहक्काला संरक्षण मिळाले ते १८५०च्या कायद्याने. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून मालमत्तेचा हक्क जाणार नाही, अशी तरतूद त्यात होती. महार-मांग समाजातील ख्रिस्ती कुटुंबांपुढचे प्रश्न वेगळे होते. बलुते मिळत राहील का आणि पाणी कुठे भरायचे, याची त्यांना चिंता असे.

टिळकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. एका घरातही धर्मांतर किती वेगळ्या गतीने घडते, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून कळते.

प्रचाराला उत्तर कसे दिले जाई?

बहिष्काराबरोबरच जाहीर वादाचीही परंपरा महाराष्ट्रात होती. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. हिंदू धर्माची बाजू त्यांनी लोकांसमोर, प्रश्नोत्तरांतून मांडली.

संविधानाची भूमिका काय?

अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ‘प्रसार’ या शब्दावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला, तर कन्हैयालाल मुन्शी यांनी पाठिंबा दिला आणि शब्द कायम राहिला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याचा अर्थ लावला : आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नाही.

उपदेश गुन्हा केव्हा ठरतो?

पत्रक देणे किंवा प्रवचन करणे हा स्वतःहून गुन्हा नाही. दुसऱ्या धर्माचा हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने अपमान केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, तर गटांत वैर पसरवल्यास कलम १९६ लागू होऊ शकते. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते. जमावबंदी आदेश असल्यास तोही पाळावा लागतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला धर्मप्रचार करता येत नाही.

धर्मांतरविरोधी कायद्यांमुळे काय बदलते?

ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये असे कायदे केले. त्यानंतर इतर राज्येही त्या वाटेने गेली. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांना बंदी, हा त्यांचा गाभा आहे. वाद आहे तो व्याख्यांवरून. मोफत शिक्षण, उपचार किंवा प्रार्थनेने बरे होण्याचे आश्वासन यांपैकी कशाला ‘आमिष’ म्हणायचे? उत्तर प्रदेशात २०२४च्या दुरुस्तीनंतर कोणीही तक्रार करू शकतो आणि धर्मांतर बेकायदा नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराबाबत कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

हल्ला झाल्यास संरक्षण काय?

उपदेशकाने कायदा मोडल्याचा संशय असला, तरी त्याला अडवून मारहाण करण्याचा अधिकार जमावाला मिळत नाही. वाट अडवणे (कलम १२६), दुखापत करणे (कलम ११५) आणि कायदेशीर प्रार्थनासभेत व्यत्यय आणणे (कलम ३००) हे गुन्हे आहेत. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले होते. जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

दलित ख्रिस्ती उपदेशकांबाबत मात्र एक मोठी पोकळी राहते. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता मर्यादित आहे. याच आधारावर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, शिवीगाळ व मारहाणीची तक्रार करणाऱ्या एका पाद्र्याला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाकारले. नगरसारख्या जिल्ह्यात, जिथे ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आला आहे, हा मुद्दा कळीचा ठरतो. जातीवरून शिवी देणारा त्या व्यक्तीचा धर्म पाहत नाही, कायदा मात्र पाहतो.