गुण गाण्याचे की गुण देणाऱ्याचे?

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे, अकोला आणि बडनेरा यांच्यामधले जंक्शन. येथून एकेकाळी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी एका बाजूला अचलपूरकडे आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळकडे जात असे. नव्वदच्या दशकात आम्ही या गावात शिकत होतो, तेव्हा ती चालू होती. तिच्या फलाटावर दिवसातला बराच वेळ सामसूम असे. त्यामुळे तिथला एक बाक आमच्या चार मित्रांच्या टोळीला जणू आंदणच मिळालेला होता.

या बाकावर कॅसेटींची देवघेव चाले. एकाच्या घरी दोन कॅसेटी बसणारा टेप होता, त्यावर आम्ही निवडक गाणी भरून घेत असू. साठ मिनिटांच्या कॅसेटीत पाच मिनिटांचे एक याप्रमाणे बाराच गाणी मावत. म्हणजे निवड करणे भाग होते. त्यासाठी आम्ही एक वही घातली होती. महिन्याला प्रत्येकाने एक गाणे सुचवायचे, सर्वांनी ते ऐकायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. चार गाण्यांपैकी सर्वांत कमी सरासरीचे गाणे गळायचे, उरलेली तीन कॅसेटीत जायची. याहून न्याय्य पद्धत असू शकेल असे आम्हाला त्या वयात वाटत नव्हते.

ती वही आता आमच्यापाशी नाही. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून आम्ही तयार केले आहेत. माणसांचे स्वभाव मात्र खरे आहेत.

चार माणसे, चार हात

अ, ब, क, ड या चौघांनी चार गाण्यांना दिलेले गुण असे आहेत असे समजू :

गाणे पहिले : अ २, ब ६, क ९, ड ७
गाणे दुसरे : अ ६, ब १०, क ३, ड ७
गाणे तिसरे : अ ३, ब ७, क ८, ड ७
गाणे चौथे : अ ५, ब ९, क ४, ड ७

यातला 'अ' म्हणजे आम्ही. गुण देताना आमचा हात आखडता. 'ब' सढळ हाताचा. 'ड' हा कोणालाही न दुखवणारा, सगळ्यांना सात देऊन मोकळा होणारा. आणि 'क' जवळच्या खेड्यातून सायकलने येणारा. त्याच्या गावात खंजिरीच्या तालावरची भजने रात्ररात्र चालत. तो सुचवी ती गाणी बहुधा तशाच वळणाची असत. पहिले गाणे त्याचेच.

आता सरासरी काढू. पहिल्या गाण्याची ६, दुसऱ्याची ६.५, तिसऱ्याची व चौथ्याची प्रत्येकी ६.२५. नियमाप्रमाणे पहिले गाणे गळाले. पण जरा थांबून या सरासरींकडे पाहा. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गाण्यात अंतर आहे फक्त अर्ध्या गुणाचे. जणू चारही गाणी सारखीच बरी आहेत. प्रत्यक्षात असे मत चौघांपैकी तिघांचे मुळीच नाही. क ला पहिले गाणे जीव की प्राण आहे, आणि अ ला ते नकोसे आहे. सरासरीने दोघांची मते एकत्र करून कोणाचेच नसलेले एक मत तयार केले.

कोण आजारी होते?

आणखी एक गंमत पाहा. तिसरे गाणे वाजले त्या दिवशी समजा अ तापाने घरी होता. उरलेल्या तिघांची सरासरी येते ७.३३. अ ऐवजी ब घरी असता तर तीच सरासरी ६ आली असती. गाणे तेच, कॅसेट तीच. फरक पडला सव्वा गुणाहूनही अधिक, म्हणजे गाणे गाळायला पुरेशा असलेल्या अर्ध्या गुणाच्या दुपटीहूनही जास्त.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाचे गुण त्याच्याच सरासरीशी ताडून पाहायचे. अ ची स्वतःची सरासरी ४ आहे. त्यामुळे त्याचे २, ६, ३, ५ हे गुण -२, +२, -१, +१ असे लिहिता येतील. यांना आपण 'विचलने' म्हणू. ब ची सरासरी ८, आणि त्याची विचलने येतात -२, +२, -१, +१. हुबेहूब अ सारखी! दोन आणि सहा हे गुण एकमेकांपासून कितीही दूर दिसोत, पहिल्या गाण्याबद्दल दोघांनी म्हटले एकच : 'हे मला आवडले नाही.' क ची सरासरी ६, आणि विचलने +३, -३, +२, -२. ड ची सगळी शून्य.

आता तिसऱ्या गाण्याच्या वेळी अ घरी राहो की ब, उरलेल्या तिघांच्या विचलनांची सरासरी +०.३३ इतकीच येते. आजारपणाचा परिणाम गेला. उत्तरपत्रिका दोन परीक्षकांत वाटल्या जातात आणि एक कडक, दुसरा सढळ असतो, तेव्हा नेमका हाच प्रश्न येतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

जुळा मित्र आणि उलटा मित्र

विचलनांचा खरा उपयोग पुढे आहे. अ ची आवड कोणाशी जुळते? नुसत्या गुणांतले फरक मोजले तर अ आणि ब यांच्यातले फरक ४, ४, ४, ४, म्हणजे एकूण १६. अ आणि क यांच्यातले फरक ७, ३, ५, १, म्हणजे एकूण पुन्हा १६. या मोजणीने दोघेही अ पासून सारखेच दूर!

त्याऐवजी प्रत्येक गाण्यासाठी दोघांच्या विचलनांचा गुणाकार करून बेरीज घेऊ. दोघांना एकच गाणे आवडले, किंवा दोघांना ते आवडले नाही, तर गुणाकार धन येतो. मते उलटी असली तर ऋण येतो. अ आणि ब यांची बेरीज येते ४ + ४ + १ + १ = १०. अ आणि क यांची -६ - ६ - २ - २ = -१६. या बेरजेला दोघांच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की -१ ते +१ यांमधली एक संख्या मिळते. हाच संख्याशास्त्रातला कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा सहसंबंध गुणांक. अ आणि ब यांचा तो +१ येतो, अ आणि क यांचा सुमारे -०.९९. ड ची विचलने शून्य असल्याने त्याचा गुणांक काढताच येत नाही. सर्वांना सात देणाऱ्याने कोणाला दुखवले नाही हे खरे, पण काही सांगितलेही नाही.

आता पाचवे गाणे आले. ते अ ने अजून ऐकलेले नाही. ब ने त्याला १० दिले, क ने ५. अ ला ते आवडेल का? दोघांची सरासरी ७.५. पण अ ने आजवर सहाच्या वर गुण दिलेलेच नाहीत! विचलनांनी पाहू. ब त्याच्या सरासरीच्या २ ने वर आहे, म्हणून अ सुद्धा २ ने वर जाईल. क त्याच्या सरासरीच्या १ ने खाली आहे. पण क आणि अ उलटे आहेत, म्हणून अ सुमारे १ ने वर जाईल. दोन्ही अंदाजांचा मध्य साधारण १.५. अ ची सरासरी ४ धरली तर भाकीत ५.५. अ च्या हिशेबात हे चांगलेच गाणे ठरते.

यात लक्षात घेण्याची गोष्ट क ची आहे. ज्याची आवड आपल्याशी नेमकी उलटी आहे, तो मित्र आपल्या आवडीविषयी जवळजवळ तेवढीच माहिती देतो, जेवढी जुळ्या आवडीचा मित्र देतो. निरुपयोगी ठरतो तो सगळ्यांना सात देणारा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चार गाण्यांवरून कोणाला जुळे ठरवणे धोक्याचे आहे. नुसते 'आवडले' आणि 'नावडले' असे नाणे उडवून लिहिले, तरी दोघांची चारही उत्तरे जुळण्याची शक्यता १६ त १ असते. दहा गाणी घेतली तर ती १०२४ त १ इतकी कमी होते.

बाकावरची रीत यंत्रात

आम्ही बाकावर बसून सरासरी काढत होतो, त्याच सुमारास हा हिशेब संगणकावर केला जाऊ लागला होता. १९९४ साली अमेरिकेत 'ग्रुपलेन्स' या प्रकल्पात वाचकांनी संगणकजालावरील संदेशांना १ ते ५ गुण द्यायचे आणि इतरांच्या गुणांवरून पुढच्या संदेशांचे भाकीत करायचे, अशी योजना झाली. तिचे सूत्र वर दिले तेच होते : स्वतःची सरासरी अधिक इतरांची विचलने, सहसंबंधाच्या प्रमाणात. त्याच वर्षी एमआयटी या संस्थेत उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' ही संगीतासाठीची व्यवस्था उभी केली. तिच्यात लोक ईमेलने गायक-वादकांना १ ते ७ गुण कळवीत आणि यंत्र त्यांच्यासारख्या आवडीची माणसे शोधून नवी नावे सुचवी. आज मोबाइल आपल्याला गाणी सुचवतो त्यामागे यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे गणित असते. गुण मागण्याऐवजी गाणे पुरते ऐकले की अर्ध्यावर सोडले, हेही पाहिले जाते. पण एका माणसाची आवड दुसऱ्या माणसांच्या आवडीवरून ओळखायची, ही मूळ कल्पना त्यात आहेच.

वही हातोहात फिरते तेव्हा

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे. प्रत्येकाने गुण आपल्या मनाने दिले. आमची वही मात्र हातोहात फिरे आणि आधीचे गुण पुढच्याला दिसत. याने काय होते?

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी याचा प्रयोग करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी आणि १४,३४१ माणसे. काहींना फक्त वाद्यवृंदांची आणि गाण्यांची नावे दिसत. इतरांची आठ वेगवेगळ्या गटांत विभागणी केली होती. प्रत्येक गटात आपल्या गटातल्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, हे दिसे. परिणाम असा की इतरांची निवड दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली. शिवाय प्रत्येक गटात वर गेलेली गाणी वेगवेगळी होती. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, फार वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचे काहीही होऊ शकत होते.

हा प्रश्न आपल्याकडे त्याआधीही भेटलेला आहे. १९५२ नंतर, माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारशी जागा उरली नव्हती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे तीत गाण्यांना लोकप्रियतेनुसार पायऱ्या मिळू लागल्या. हा क्रम ठरवायला रेकॉर्डींची विक्री हे माप सोयीचे होते. पण दुकानातल्या रेकॉर्डी संपल्या की विक्री थांबे, गाण्याची आवड मात्र संपलेली नसे. म्हणून जोडीला ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मते घेतली जात. एकाच मापावर विसंबू नये, ही चांगल्या प्रयोगाची पहिली अट तिथे पाळली गेली होती.

आणि क

आमच्या टोळीत क चे गाणे वारंवार गळत गेले. एके दिवशी तो एवढेच म्हणाला, 'माह्यं गानं तुमच्या वहीत बसत नाई, बा.' पुढे त्याने गाणी सुचवणे थांबवले, मग बाकावर येणेही. आम्ही वही उघडून दाखवायला तयार होतो, सरासरी अगदी बरोबर काढलेली होती. त्या सरासरीत एकाच आवडीची दोन माणसे बसली होती आणि वेगळ्या आवडीचा तो एकटा होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी, संख्याशास्त्र शिकल्यावर उमगले. त्याला गाळण्याऐवजी कॅसेटीच्या बारा गाण्यांतली तीन त्याच्या पसंतीची ठेवली असती, तर हिशेब अधिक खरा झाला असता. आणि आमच्या कानांवर तालुक्यातलीच, पण आम्ही कधी न ऐकलेली गाणी पडली असती.

वर्गात करून पाहा

दहा गाणी निवडा. त्यांत चित्रपटगीते, भावगीते, लोकगीते, भजने अशी सरमिसळ असू द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या चिठ्ठीवर, दुसऱ्याला न दाखवता, दहापैकी गुण लिहावेत. मग प्रत्येकाने आपली सरासरी आणि विचलने काढावीत. नववी-दहावीच्या मुलांनी गुणाकारांची बेरीज करून तिचे चिन्ह पाहिले तरी पुरे, वरच्या वर्गांनी सहसंबंध गुणांक काढावा. प्रत्येकाने आपला सर्वांत जवळचा आणि सर्वांत उलटा सोबती शोधावा.

दुसऱ्या दिवशी उलट्या सोबत्यांच्या जोड्या पाडा. प्रत्येकाने आपले सर्वांत आवडते गाणे दुसऱ्याला ऐकवावे आणि त्यात आपल्याला काय आवडते ते सांगावे. या वेळी गुण देऊ नयेत.